'ड्युएट्स' – कार्ला ब्ले आणि स्टीव्ह स्वॅलो: पियानो आणि इलेक्ट्रिक बेसच्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका कोणता?

'ड्युएट्स' हा १९८८ सालचा जॅझ अल्बम. पियानोवर कार्ला ब्ले, इलेक्ट्रिक बेसवर स्टीव्ह स्वॅलो, आणि तिसरं कुणी नाही. ड्रम्स नाहीत, सॅक्सोफोन नाही, गायक नाही. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ विलो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ब्ले यांच्या घरच्याच ग्रॉग किल स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि त्यांच्याच 'वॅट' या लेबलवर निघाला. रचना दोघांच्याही आहेत, पण बहुतेक ब्ले यांच्या.

पियानो आणि उभा डबल बेस या जोडीचे अल्बम जॅझमध्ये भरपूर आहेत. पियानो आणि इलेक्ट्रिक बेस, एवढंच, असे मात्र फार थोडे. म्हणून हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात बरेच प्रश्न येतात. तेच इथे घेतले आहेत.

हे दोघे कोण?

कार्ला ब्ले यांचा जन्म १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील पियानो शिकवायचे आणि चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. घरातूनच सूर कानावर पडले; रीतसर संगीतशिक्षण म्हणावं असं फारसं नाही. विशीच्या आत त्या न्यूयॉर्कला आल्या आणि 'बर्डलँड' या प्रसिद्ध जॅझ क्लबमध्ये टेबलांमधून फिरून सिगारेटी विकण्याचं काम त्यांनी केलं. रोज रात्री समोर उत्तमोत्तम वादक वाजवतायत आणि आपण ऐकतोय, हीच त्यांची शाळा. पियानिस्ट पॉल ब्ले यांच्याशी लग्न झालं, त्यांच्यासाठी त्या रचना करू लागल्या, आणि थोड्याच वर्षांत जिमी जुफ्री, जॉर्ज रसेल, गॅरी बर्टन अशी मंडळी त्यांच्या चाली वाजवू लागली. १९७१ साली त्यांचा 'एस्कलेटर ओव्हर द हिल' हा तीन रेकॉर्ड्सचा अवाढव्य प्रकल्प आला. त्यात 'रावळपिंडी ब्लूज' नावाचीही एक रचना आहे. २०१५ मध्ये 'एनईए' म्हणजे नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकी सरकारी कलासंस्थेचा 'जॅझ मास्टर' हा सन्मान त्यांना मिळाला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विलोमध्येच त्यांचं निधन झालं.

स्टीव्ह स्वॅलो १९४० चे, न्यू जर्सीचे. येल विद्यापीठातलं शिक्षण सोडून १९६० मध्ये न्यूयॉर्कला आले आणि पॉल ब्ले यांच्याबरोबर वाजवू लागले. पुढच्याच वर्षी जुफ्री, पॉल ब्ले आणि स्वॅलो या त्रयीने जी ध्वनिमुद्रणं केली त्यांत कार्ला यांच्या रचना होत्या. म्हणजे 'ड्युएट्स'च्या वेळी स्वॅलो यांच्या बोटांना या बाईंची चाल सत्तावीस वर्षांच्या परिचयाची होती. १९७८ पासून ते त्यांच्या बँडमध्ये होते आणि पुढे दोघे आयुष्याचेही जोडीदार झाले.

ड्रम्स नाहीत, मग लय कोण सांभाळतं?

दोघेही, आणि बऱ्याचदा दोघांपैकी कुणीही उघडपणे नाही.

आपल्याकडे तबल्याचा ठेका थांबला की गाणं आलापात शिरल्यासारखं वाटतं. इथे तसं होत नाही. रचनेला ठरलेल्या मात्रांचं आवर्तन असतं, त्या आवर्तनात सुरावटींचा (सुरावट म्हणजे इथे एकदम वाजणारे दोन-तीन स्वर, इंग्रजीत कॉर्ड) ठरलेला क्रम असतो, आणि दोन्ही वादक तो मनात चालवत असतात. बारा मात्राखंडांचा (मात्राखंड म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इंग्रजीत बार) ब्लूज असो की बत्तीस मात्राखंडांची गीतासारखी रचना, आपण कुठे आहोत हे दोघांना प्रत्येक क्षणी ठाऊक असतं. त्यामुळे ठेका मोठ्याने वाजवून दाखवायची गरजच उरत नाही.

बेसवादक प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालू लागला की त्याला 'वॉकिंग बेस' म्हणतात. त्यात लय स्पष्ट ऐकू येते आणि पियानोला मोकळीक मिळते. पण स्वॅलो इथे सारखे चालत राहत नाहीत. कधी एक लांब स्वर धरून ठेवतात, कधी मात्रा चुकवून नंतरच्या अर्ध्या मात्रेवर येतात, कधी पूर्ण थांबतात. त्या वेळी लय पियानोच्या डाव्या हातात गेलेली असते. नाहीतर कुठेच नसते, फक्त पुढचा स्वर बरोबर जागेवर पडतो आणि मधला वेळ मोजलेला होता हे आपल्याला मागाहून कळतं. मला या अल्बमचं सगळ्यात मोठं सुख याच जागांमध्ये वाटतं. वादकांनी वेळ भरून काढायची घाई केली नाही की ऐकणाऱ्याचं मन आपोआप मात्रा मोजू लागतं.

एक प्रयोग करून बघा. कुठलीही मध्यलयीतली रचना लावा आणि सुरुवातीपासून बोटाने हलकी टिचकी देत राहा. मधे दोघांनी सोडलेल्या जागा येतील, तिथेही टिचकी सोडू नका. पुन्हा वादन सुरू होईल तेव्हा ते तुमच्या टिचकीवरच येईल.

उभा बेस सोडून इलेक्ट्रिकच का? जॅझला तर लाकडी बेसच शोभतो.

हा आक्षेप जुना आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेला इलेक्ट्रिक बेस पुढे रॉकचं वाद्य म्हणून ओळखला गेला, आणि जॅझमधल्या पुष्कळ लोकांनी त्याला दाराबाहेरच ठेवलं. मंक मॉन्टगोमरी यांनी लायनेल हॅम्प्टन यांच्या बँडमध्ये तो पन्नाशीच्या दशकातच वाजवला होता, तरीसुद्धा.

स्वॅलो हे मुळात उभ्या बेसचे नामांकित वादक. १९७० च्या सुमाराला त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पूर्णपणे इलेक्ट्रिककडे वळले. उभा बेस येत नव्हता म्हणून त्यांनी हे वाद्य धरलं असं कुणी म्हणू शकत नाही. दुसरी गोष्ट, त्यांनी इलेक्ट्रिक बेसकडून लाकडी बेसची नक्कल करून घेतली नाही. जॅको पास्टोरियस या बेसवादकाने पडदे नसलेल्या इलेक्ट्रिक बेसवर मिंडेसारखा गाता आवाज काढला आणि सगळं जग त्यांच्या मागे गेलं. स्वॅलो यांनी पडद्यांचाच बेस ठेवला आणि तो बोटांऐवजी पिकने, म्हणजे आपण सतारीला लावतो तशा नखीच्या जातीच्या चकतीने, छेडला. त्यांची पिक तांब्याची. तिच्यामुळे प्रत्येक स्वराला स्वच्छ सुरुवात मिळते आणि मग त्याची आस लांबत जाते. उभ्या बेसचा स्वर धप्पकन येतो आणि लवकर विरतो. हा येतो नेमका आणि टिकून राहतो.

शिवाय त्यांच्या बेसला पाच तारा. पाचवी तार बरेच जण खर्जासाठी खाली लावतात, यांनी ती वर लावली. नेहमीच्या ई, ए, डी, जी या तारांच्या वर एक सी. त्या तारेच्या बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं की पियानोचा मधला सी लागतो. म्हणजे बेस मंद्र सप्तकातून उठून पियानोच्या उजव्या हाताच्या मुलखात जाऊन गाऊ शकतो, आणि या जोडीत तो गातोही.

फरक कानाने तपासायचा असेल तर एक सोपी सोय आहे. ब्ले यांची 'सिंग मी सॉफ्टली ऑफ द ब्लूज' ही रचना आर्ट फार्मर यांच्या चौकडीने १९६५ मध्ये रेकॉर्ड केली, तिथे उभ्या बेसवर स्वॅलोच आहेत. तीच रचना या दोघांच्या १९९३ सालच्या 'गो टुगेदर' या अल्बमवर आहे, इलेक्ट्रिक बेससह. वादक तोच, चाल तीच, वाद्य वेगळं. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर कुठलं 'खरं' हा वाद माझ्या मते संपतो.

दोन्ही वाद्यांना खर्ज आहे. आवाजाची गिचमिड होत नाही का?

होऊ शकते, आणि या प्रकारच्या पुष्कळ वादनात होतेही. पियानोची सगळ्यात खालची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची, बेसची खालची ई एक्केचाळीसच्या आसपास. त्या भागात दोन-तीन स्वर एकदम वाजले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत, नुसती गुरगुर ऐकू येते.

उपाय पियानिस्टच्या डाव्या हातात असतो. सुरावटीचा पायाचा स्वर बेस देतोय, तर पियानोने तो पुन्हा द्यायचा नाही. डावा हात वर सरकवायचा आणि मधले दोन-तीन स्वरच धरायचे. ब्ले हे फार काटेकोरपणे करतात. बेस वर चढून चाल वाजवू लागला की मात्र त्यांचा डावा हात खाली उतरतो आणि पाया स्वतःकडे घेतो. ही अदलाबदल अल्बमभर चालू आहे. एकदा ती ऐकू यायला लागली की पुढचं ऐकणं अगदी वेगळं होऊन जातं.

ही जुगलबंदी आहे का?

नाही. सवाल-जवाब नाहीत, चढाओढ नाही, वेग वाढवत नेऊन टाळ्या घेणं नाही. दोघं मिळून एक रचना मांडतात.

ब्ले फारच कमी वाजवतात. त्या खरोखर चांगल्या पियानिस्ट होत्या का?

हा प्रश्न बरेच लोक जरा चाचरत विचारतात, म्हणून सरळ उत्तर देतो. ऑस्कर पीटरसन या पियानिस्टसारखी वेगवान बोटं त्यांच्याकडे नव्हती आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही. त्या स्वतःला आधी संगीतकार मानत, पियानिस्ट नंतर. 'ड्युएट्स'च्या आधी वर्षानुवर्षं त्यांचं मुख्य काम मोठ्या बँडसाठी लिहिण्याचं होतं, आणि त्या बँडमध्ये त्या बरेचदा ऑर्गनवर असत.

पण संगीतकाराचा पियानो ही वेगळीच चीज असते. प्रत्येक स्वर का आहे हे त्याला माहीत असतं. वेगवान तानांची सवय नसल्यामुळे सवयीने येणारे स्वरही येत नाहीत. ब्ले एखादी सुरावट ठेवतात, वाट बघतात, आणि मग दुसरी ठेवतात; ती दुसरी जवळजवळ नेहमी अपेक्षेपेक्षा एका पायरीने बाजूला असते. चर्चमधल्या प्रार्थनागीतांचा ठसा त्यांच्या हातावर शेवटपर्यंत राहिला. साध्या, भरदार सुरावटी, आणि मधेच एक कडवट स्वर. कमी वाजवणं ही त्यांची मर्यादा होती हे मान्य करूनही मी म्हणेन की अशा दोघांच्या मैफिलीत हाच पियानो हवा. मोठ्या हाताचा पियानिस्ट असता तर बेसला बोलायला जागाच उरली नसती.

यात लिहिलेलं किती आणि उत्स्फूर्त किती?

चाल, सुरावटींचा क्रम आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवात-शेवट लिहिलेले. मधला विस्तार उत्स्फूर्त. बंदिश आणि तिची बढत हे नातं ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजायला कठीण नाही. फरक इतकाच की इथे विस्तार करताना रागाची चौकट नसते, सुरावटींच्या क्रमाची असते, आणि तो क्रम प्रत्येक आवर्तनात तसाच फिरून येतो.

दोघेही रचनाकार असल्यामुळे विस्तारातही ते रचनेपासून फार लांब जात नाहीत. मूळ चालीचा एखादा तुकडा सतत कुठेतरी डोकावत राहतो.

कुठल्या रचनेपासून सुरुवात करू?

'उटविकलिंगसांग' पासून. नाव नॉर्वेजियन, चाल अतिशय संथ, प्रार्थनेसारखी. स्वर मोजके, लहान मुलालाही गुणगुणता येतील असे. ब्ले यांनी ही रचना आधी १९८१ च्या 'सोशल स्टडीज' या अल्बमवर बऱ्याच वाद्यांच्या ताफ्यासह केली होती. 'ड्युएट्स'मध्ये ती दोघांवर आली. आणि २०१३ मध्ये आलेल्या 'ट्रायोज'वर सॅक्सोफोनवादक अँडी शेपर्ड यांच्यासह पुन्हा. तीन दशकांतली तीन रूपं. आधी ताफ्याची, मग तिघांची, मग दोघांची अशी ऐकली तर एकच चाल हळूहळू अंगावरचा एकेक दागिना उतरवत गेल्यासारखी वाटते, आणि माझ्या मते सगळ्यात उघडी, सगळ्यात ठळक ती १९८८ ची.

ऐकताना एक जागा पकडा. लांब स्वर संपत आला की त्याची आस हळूहळू बारीक होते. त्या बारीक होण्यात दुसरं वाद्य कधी बोलतं ते बघा. घाईचा वादक आवाज पडायच्या आत बोलतो. हे दोघे तो पुरता खाली येऊ देतात.

त्यानंतर 'लेडीज इन मर्सिडीज' लावा. ही स्वॅलो यांची रचना, लॅटिन वळणाची, ऐकताच पाय हलवणारी. दोघांत एवढी नाचरी लय उभी राहते हे ऐकल्याशिवाय पटत नाही. 'वॉकिंग बॅटरीवुमन' जरा तिरकी आणि अवघड आहे, ती तिसऱ्या-चौथ्या बैठकीला ठेवा.

मला मोबाइलवर बेस ऐकूच येत नाही. रेकॉर्डिंग खराब आहे का?

रेकॉर्डिंग उत्तम आहे. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. त्याच्या वरचे उपस्वर तेवढे येतात आणि मेंदू बाकीचं जुळवून घेतो. चार-पाच वाद्यांच्या बँडमध्ये हे खपून जातं. इथे अर्धा अल्बम बेस आहे, त्यामुळे अर्धा अल्बमच गायब होतो. साधे वायरचे इअरफोन लावलेत तरी पुरे. घरी जुने स्टीरिओ स्पीकर असतील तर त्याहून चांगलं. आवाज फार मोठा करू नका. पिक तारेला लागतानाचा बारीक टक् ऐकू आला की आवाज योग्य आहे असं समजा.

मी आजवर फक्त शास्त्रीय संगीत ऐकलं आहे. मला हे जमेल का?

जमेल, आणि कदाचित इतरांपेक्षा लवकर. ज्यांनी ठाय लयीतला ख्याल ऐकला आहे त्यांना स्वरापुढे थांबण्याची सवय असते, आणि हा अल्बम तेच मागतो. एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते: षड्ज स्थिर नसतो. मागे तानपुरा नाही. सुरावट बदलली की आधाराचा स्वरही बदलतो आणि तोच स्वर नव्या आधारावर नवा अर्थ घेऊन येतो. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा चालीकडे दुर्लक्ष करून फक्त बेसचा खालचा स्वर ऐका. जमीन कुठून कुठे सरकते ते कळलं की वरचं आपोआप उलगडतं.

या दोघांचे आणखी द्विवादनाचे अल्बम आहेत का?

दोन. वर उल्लेख आलेला 'गो टुगेदर', आणि १९९९ मध्ये आलेला 'आर वी देअर येट?'. हा दुसरा युरोपातल्या मैफिलींमध्ये मुद्रित झालेला आहे आणि त्यात कुर्ट वाइल यांची 'लॉस्ट इन द स्टार्स' ही चालही आहे. 'गो टुगेदर' अधिक सफाईदार, 'आर वी देअर येट?' अधिक मोकळा. मला 'ड्युएट्स'च सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात दोघे एकमेकांना अजून अजमावतायत.

पुढे अँडी शेपर्ड आले आणि द्विवादनाची त्रयी झाली. ती 'लाइफ गोज ऑन' या २०२० च्या अल्बमपर्यंत टिकली.

अशाच प्रकारचं आणखी काय ऐकावं?

पियानो आणि बेस या जोडीची सुरुवात ड्यूक एलिंग्टन आणि जिमी ब्लँटन यांनी १९३९–४० मध्ये केलेल्या द्विवादनांपासून धरतात. ब्लँटन तेव्हा विशीच्या आसपासचे होते. बेस हे केवळ मागे राहून ठोके देणारं वाद्य नाही हे त्या थोड्याशा रेकॉर्ड्सनी कायमचं सिद्ध केलं. पुढे बिल एव्हान्स आणि एडी गोमेझ यांचा 'इंट्युइशन', हँक जोन्स आणि चार्ली हेडन यांचा 'स्टील अवे', कीथ जॅरेट आणि हेडन यांचा 'जॅस्मिन'. हे सगळे उभ्या बेसचे. हेडन यांच्याशी ब्ले यांचं वेगळं नातं होतं; त्यांच्या 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा'साठी वाद्यवृंदाची मांडणी त्याच करत.

इलेक्ट्रिक बेसचंच हवं असेल तर स्वॅलो आणि गॅरी बर्टन यांचा १९७५ चा 'होटेल हॅलो' ऐका. तिथे पियानोच्या जागी बहुतेक व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आहे, पण दोघांनीच सगळं सांभाळण्याची रीत तीच.

मी बेस शिकतो आहे. यातलं काय उचलू?

स्वॅलो यांचे सोलो उतरवून काढायच्या आधी त्यांची साथ उतरवा. एका आवर्तनात ते किती स्वर वाजवतात ते मोजा. आकडा बघून चकित व्हाल. मग त्याच आवर्तनात किती ठिकाणी ते मुद्दाम गप्प आहेत त्यावर खूण करा.

पिकचा संकोच बाळगू नका. 'जॅझमध्ये बेस बोटांनीच वाजवायचा' असं शिकवणारे अजून भेटतात. त्यांना हा अल्बम ऐकवा.

लिखित स्वरूपात हवं असेल तर 'रिअल बुक' या जॅझवादकांच्या प्रसिद्ध चोपडीत या दोघांच्याही रचना आहेत. ही चोपडी सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तयार केली, आणि त्याच काळात स्वॅलो तिथे शिकवत होते. त्यातली त्यांची 'फॉलिंग ग्रेस' घ्या. आधी पियानोवर किंवा गिटारवर कुणाला तरी सुरावटी धरायला लावा, तुम्ही फक्त पायाचे स्वर द्या. आठवडाभर तेवढंच. मग अदलाबदल करा: चाल तुम्ही वाजवा, पाया समोरच्याने द्यावा. मेट्रोनोम लावायचा असेल तर दर मात्रेला नको, दोन मात्राखंडांत एकदाच वाजेल असा लावा.